मालकी बदलली, आधीचा मालक कोण? युनिक्सवरच्या फसलेल्या ‘सीएच-ओन’च्या दुरुस्तीचा आढावा

सर्व्हरवरची फाइल उडाली तर ती उडाली हे लगेच कळतं. मालकी बदलली तर फाइल जागेवरच असते. आतलं एक अक्षर बदललेलं नसतं, आकार तोच, मजकुरातल्या शेवटच्या बदलाची तारीखही तीच. तरीही पासवर्ड बदलता येत नाही, डेटाबेस सुरू होत नाही, बाहेरून लॉगिन घेतलं जात नाही. रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकारात चुकीच्या जागी चाललेली ‘सीएच-ओन’ ही मालकी बदलणारी एक कमांड एवढं सगळं करू शकते, आणि तिला उलटं फिरवणारी कमांड युनिक्समध्ये नाही. या अपघातातून बाहेर कसं यायचं, यावर सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये जुने मतभेद आहेत. त्यांतला प्रत्येक पक्ष आपापल्या अनुभवावर उभा आहे, म्हणून ते नीट समजून घेण्यासारखे आहेत.

प्रश्न मोठ्या डेटा सेंटरचा वाटतो, पण त्याची झळ लहान गावात जास्त बसते. जळगाव जामोदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्याच्या गावी कॉलेजची प्रयोगशाळा, पतसंस्थेचं कार्यालय, जिनिंगचा हिशेब किंवा घरून काम करणाऱ्या मुलाने भाड्याने घेतलेला क्लाउड सर्व्हर, यांतलं कुठलंही यंत्र लिनक्सवर असू शकतं. तिथे दुसरा जाणकार शेजारच्या टेबलावर नसतो. तो शेगावला, अकोल्याला किंवा पुण्याला, फोनच्या पलीकडे असतो. रेल्वेने यायचं म्हटलं तरी नांदुऱ्याला उतरून पुढे रस्त्यानेच यावं लागतं. कुठला उपाय शहाणपणाचा, याचं उत्तर अशा ठिकाणी पुस्तकातल्यापेक्षा वेगळं निघू शकतं.

कमांड आपण तोंडाने जशा म्हणतो तशा इथे लिहिल्या आहेत. टंकताना अर्थातच रोमन अक्षरं लागतात.

मालकीची नोंद असते कुठे

युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीचं माहितीपुस्तक ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचं आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या त्या बेल लॅब्समधल्या प्रणालीत ‘सीएच-ओन’ त्या आवृत्तीतही होती. वापरकर्त्याचा क्रमांक तेव्हा एका बाइटमध्ये मावत असे. पुढे आकडे मोठे झाले, गट आले, पण मूळ रचना टिकली: प्रत्येक फाइलीमागे एक आय-नोड, आणि त्यात मालकाचा आणि गटाचा क्रमांक. नाव तिथे नसतंच. पडद्यावर ‘रमेश’ दिसतो तो ‘/ईटीसी/पासवर्ड’ या फाइलीत त्या क्रमांकासमोर ते नाव लिहिलेलं आहे म्हणून.

अडचणीचं मूळ इथेच आहे. सात-बारावर मालकाचं नाव बदललं की त्यामागे फेरफार क्रमांक असतो, आणि गाव नमुना ६ मधला तो फेरफार काढून आधीचा खातेदार कोण हे बघता येतं. आय-नोडला सात-बारा आहे, फेरफार नोंदवही नाही. नवा क्रमांक जुन्यावर लिहिला जातो आणि जुना संपतो. मागे उरते ती फक्त वेळ. आय-नोडमध्ये शेवटचा फेरबदल कधी झाला ती वेळ, म्हणजे सी-टाइम. ‘केव्हा’ कळतं, ‘कोणाकडून’ कळत नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. पासवर्ड बदलण्याचा प्रोग्राम साध्या वापरकर्त्याने चालवला तरी तो रूटच्या अधिकाराने चालतो, कारण त्याच्या परवानग्यांमध्ये एक्सच्या जागी ‘एस’ हे अक्षर असतं. ही सेट-युआयडीची कल्पना रिची यांची. तिच्या पेटंटसाठी अर्ज १९७३ मध्ये झाला, पेटंट १९७९ मध्ये मिळालं आणि नंतर ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं. लिनक्सचा कर्नेल कार्यवाहीयोग्य फाइलीचा मालक बदलताना ते ‘एस’ काढून टाकतो, बदलणारा रूट असला तरीही. हेतू सुरक्षेचा आहे: रूटच्या जोरावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती गेला तर त्याचा जोर काढून घ्यावा. पण याचा परिणाम असा की फाइल परत रूटच्या नावावर केली तरी ‘एस’ आपोआप परत येत नाही. ‘पिंग’सारख्या काही प्रोग्रामना कॅपेबिलिटी म्हणून नेमका एखादाच अधिकार दिलेला असतो. मालकी बदलली की तोही जातो. मालकी दुरुस्त झाली म्हणून निर्धास्त झालेले अनेक जण इथे अडकतात.

मालकी बदलण्याचा अधिकार कोणाला असावा, यावरही एकेकाळी दोन घराणी होती. सिस्टिम फाइव्हमध्ये मालक आपली फाइल दुसऱ्याला देऊन टाकू शकत असे. बीएसडीने तो अधिकार फक्त रूटकडे ठेवला, कारण डिस्कचा कोटा ठरवून दिलेला असताना आपल्या फाइली दुसऱ्याच्या नावावर चढवून कोटा चुकवता येत होता. पॉझिक्स मानकाने दोन्हींना जागा ठेवली. लिनक्स बीएसडीच्या वाटेने गेला. त्यामुळे आजचा हा अपघात जवळजवळ नेहमी रूटच्या किंवा रूटचा अधिकार तात्पुरता देणाऱ्या ‘सुडो’च्या हातून होतो, आणि म्हणूनच तो एवढा दूरवर पसरतो.

आपल्याकडे युनिक्स आलं ते बरंचसं बँकांच्या दारातून. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांचं यांत्रिकीकरण सुरू झालं आणि युनिक्स येणाऱ्यांना कामं मिळू लागली. विदर्भातल्या कितीतरी मुलांनी शेल शिकलं ते नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकावरून. १९८३ मध्ये सुरू झालेल्या शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयाने या भागातल्या मुलांना घराजवळ अभियांत्रिकीची वाट दिली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी आवाजातही आणले, त्यांत फाइलींच्या मालकी-परवानग्यांचा धडा आहे. कमांड शिकवण्याची सोय अशी बरी आहे. ती फसल्यावर काय करायचं हे मात्र बहुतेकांना कामावरच शिकावं लागतं.

चूक घडते कशी

सगळ्यात साधी तऱ्हा म्हणजे एक मोकळी जागा. वेबसाइटच्या फोल्डरची मालकी रमेशला द्यायची आहे, कॅपिटल आर लावून आतल्या सगळ्या फाइलींसकट. टंकताना ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’मधल्या पहिल्या तिरप्या रेषेनंतर स्पेस पडली की कमांडला दोन पत्ते मिळतात, आणि त्यातला पहिला असतो नुसती तिरपी रेष, म्हणजे संपूर्ण यंत्र. शेल स्क्रिप्टमध्ये फोल्डरचं नाव ज्या व्हेरिएबलमध्ये असायला हवं ते रिकामं राहिलं तर हेच होतं.

दुसरी तऱ्हा जुनी आणि फसवी. लपलेल्या, म्हणजे टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलींची मालकी बदलायची म्हणून ‘टिंब-तारा’ असा साचा दिला जातो. त्या साच्यात ‘टिंब-टिंब’ही बसतं, आणि टिंब-टिंब म्हणजे वरचा फोल्डर. रमेशच्या घरात चालवलेली कमांड वर चढून ‘/होम’मधल्या सगळ्यांच्या घरांत शिरते. बॅशच्या २०२२ मधल्या ५.२ आवृत्तीपासून हा साचा ते दोन पत्ते आपणहून वगळतो. जुन्या यंत्रांवर आणि काही इतर शेलमध्ये धोका आहे तसाच आहे.

कधी चूक माणसाची नसतेच. फेब्रुवारी २०१८ मध्ये जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणाऱ्या एनपीएमची ५.७.० ही आवृत्ती आली. ती ‘सुडो’ लावून चालवली की काही यंत्रांवर ‘/ईटीसी’, ‘/यूएसआर’, ‘/बूट’ अशा प्रणालीच्या फोल्डरांची मालकी बदलत होती. ५.७.१ लगेच निघाली, पण तोवर अनेकांचे सर्व्हर बिघडले होते. त्यांच्यापैकी कोणी ‘सीएच-ओन’ टंकलीसुद्धा नव्हती.

ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे

उपायांबद्दल मतभेद असले तरी पहिल्या काही मिनिटांबद्दल जाणकारांमध्ये फारसा वाद नाही. कमांड चालू असेल तर कंट्रोल-सी. उघडं असलेलं रूटचं टर्मिनल काही झालं तरी बंद करायचं नाही. ‘सुडो’ची स्वतःची मालकी गेली की ते चालायला नकार देतं: माझा मालक क्रमांक शून्यच असला पाहिजे आणि माझ्यावर ‘एस’ हवा, असा संदेश देऊन थांबतं. मग नवा रूट मिळवायला यूएसबीवरून किंवा रेस्क्यू मोडमध्ये यंत्र उठवणं एवढंच बहुधा उरतं. त्यामुळे यंत्र रीस्टार्ट करणं सगळ्यात घातक. जिथे वीज जाते तिथे यूपीएसची बॅटरी किती वेळ टिकेल हा दुरुस्तीच्या योजनेतला पहिलाच आकडा असायला हवा. शहरातल्या लेखकांच्या सूचनांत तो सहसा नसतो.

यंत्र वरून ठणठणीत दिसतं म्हणून भुलू नये. रूटच्या प्रक्रियांना मालकीची आडकाठी नसते, त्या सगळं वाचतात. जे चालू आहे ते चालूच राहतं. अडचण येते ती नव्याने सुरू होणाऱ्या सेवांना आणि साध्या वापरकर्त्यांना. पोस्टग्रेस आपल्या डेटा फोल्डरचा मालक कोण हे तपासूनच उठतो. एसएसएच सर्व्हर घराची आणि किल्ल्यांच्या फोल्डरची मालकी परकी दिसली तर त्या किल्ल्या मानत नाही. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन परक्या मालकाचं वेळापत्रक बाजूला टाकतो. ही यादी हळूहळू उलगडते, कधी दोन दिवसांनी.

यादी काढणं हे दुसरं एकमताचं काम. ‘फाइंड’ला विचारायचं: गेल्या तासाभरात ज्यांचा सी-टाइम बदलला आणि जे आता रमेशच्या नावावर आहेत, ते सगळे दाखव. ही यादी आधी काढून यंत्राबाहेर ठेवायची, कारण दुरुस्तीची पहिली कमांड चालली की सी-टाइमही बदलतो आणि अपघाताची हद्द पुसली जाते. तिसरं काम, रात्रीचा बॅकअप थांबवायचा. तो चालू राहिला तर चुकीची मालकी चांगल्या बॅकअपवर चढते.

आणि एक गोष्ट कोणीच सुचवत नाही, तरी ती सर्रास केली जाते: सगळ्या फाइलींना सातशे सत्त्याहत्तर, म्हणजे कोणालाही काहीही करता येईल अशी, परवानगी देणं. ‘सीएच-ओन’ने मालक गेला, पण ‘एस’ सोडून बाकीच्या परवानग्या जशाच्या तशा राहिलेल्या असतात. सातशे सत्त्याहत्तर केलं की तो उरलेला पुरावाही जातो, आणि ‘सुडो’ व एसएसएच तरीही ऐकत नाहीत.

पुन्हा बसवा

पहिला पक्ष म्हणतो: प्रणाली नव्याने बसवा, माहिती बॅकअपमधून आणा, पुढे चला. यामागे आळस नाही, सुरक्षेचा विचार आहे. जितका वेळ ‘/यूएसआर’मधले प्रोग्राम रमेशच्या नावावर होते तितका वेळ रमेशच्या खात्यातला कुठलाही प्रोग्राम त्यांत बदल करू शकत होता. वेब सर्व्हर ज्या खात्याने चालतो त्या खात्याच्या हाती ही मालकी गेली असेल, तर भीती आणखी खरी. शिवाय पाच-पंचवीस हजार फाइलींत एक चुकीची राहून गेली तर ती सहा महिन्यांनी कशाच्या रूपात दिसेल सांगता येत नाही.

ज्याचे सर्व्हर स्क्रिप्टमधून उभे राहतात, त्याला हा सल्ला पटतो. त्याचं यंत्र वीस मिनिटांत नवं होतं. ज्याच्या यंत्रावर कुणा जुन्या माणसाने बसवलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या सेटिंगची नोंद कुठेच नाही आणि तो माणूस आता गावात नाही, त्याला ‘पुन्हा बसवा’ म्हणणं म्हणजे काम बंद ठेवा म्हणणं. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पॅकेजची वही उघडा

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं असं की प्रणालीच्या बहुतेक फाइली पॅकेजमधून आलेल्या असतात, आणि त्या कोणाच्या असाव्यात हे पॅकेजला माहीत असतं. रेड हॅट घराण्यात ही वाट खरोखर मोकळी आहे. आरपीएमचा डेटाबेस प्रत्येक फाइलीचा मालक, गट, परवानग्या आणि कॅपेबिलिटी लिहून ठेवतो. तपासणीची कमांड दिली की कुठे मालक चुकला, कुठे गट, कुठे परवानगी, हे प्रत्येक ओळीत एकेका अक्षराने कळतं. मग ‘सेट-युजीआयडीज’ने मालकी आणि त्यानंतर ‘सेट-पर्म्स’ने परवानग्या परत. क्रम महत्त्वाचा, कारण मालकी बदलताना ‘एस’ पुन्हा गळतो. परवानग्या आधी लावल्या तर सगळी मेहनत वाया. नव्या आवृत्त्यांत ‘रिस्टोर’ ही एकच कमांड योग्य क्रमाने सगळं करते. सोलारिसवर ‘पीकेजी-चेक’ अशीच दुरुस्ती करत असे. मॅकमध्ये डिस्क युटिलिटीत ‘परवानग्या दुरुस्त करा’ असं बटणच होतं. २०१५ मधल्या एल कॅपिटनमध्ये ते गेलं, कारण तिथपासून प्रणालीच्या फाइलींना हातच लावता येऊ नये अशी सोय झाली.

डेबियन आणि उबंटूची गोष्ट वेगळी, आणि आपल्याकडची बरीच यंत्रं याच घराण्यातली असतात. डीपीकेजीच्या वहीत फाइलींची यादी आहे, मजकुराची खूण आहे, पण मालकी नाही. मालकी असते ती पॅकेजच्या मूळ संग्रहात. म्हणून तिथे सगळी पॅकेजं पुन्हा बसवायला सांगतात. त्यात दोन अडचणी. एक, शेकडो पॅकेजं पुन्हा उतरवून घ्यायची तर इंटरनेट तेवढं पाहिजे. तालुक्याच्या गावी ती एका रात्रीची गोष्ट होऊ शकते. दुसरी जास्त गंभीर आहे आणि डेबियनच्या धोरणपुस्तकातच लिहिलेली आहे: पुन्हा बसवताना फाइलींची मालकी दुरुस्त होते, पण आधीपासून असलेल्या फोल्डरांची होत नाही. म्हणजे सगळं पुन्हा बसवल्यावर फाइली रूटच्या, आणि त्या ज्या फोल्डरात आहेत ते अजून रमेशचे. फोल्डर ज्याचा, तो आतली फाइल काढून तिथे दुसरी ठेवू शकतो. दुरुस्ती झाली असं वाटूनही दार उघडं राहतं. डेबियनवर ही वाट धरणाऱ्याने फोल्डरांची यादी वेगळी काढून त्यांची मालकी हाताने लावलीच पाहिजे.

सरसकट सगळं रूटच्या नावावर करून टाका, असं काही जण म्हणतात. ‘/यूएसआर’पुरतं ते बऱ्याच अंशी जुळतं. पण अपवाद नेमके महत्त्वाच्या जागी आहेत. डेबियनवर ‘/ईटीसी/शॅडो’चा गट ‘शॅडो’ असतो, ‘क्रॉनटॅब’ या प्रोग्रामचा गट ‘क्रॉनटॅब’. ‘/व्हार’मध्ये तर जवळपास प्रत्येक सेवेचा मालक वेगळा.

जुळं यंत्र आणि जुनी प्रत

तिसरा मार्ग जुळ्या यंत्राचा. त्याच वितरणाची तीच आवृत्ती दुसऱ्या यंत्रावर असेल, किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये तासाभरात बसवता येत असेल, तर तिथे ‘गेट-एफएसीएल’ने सगळ्या फाइलींचे मालक, गट, परवानग्या आणि ‘एस’च्या खुणा एका साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवता येतात. ती फाइल बिघडलेल्या यंत्रावर आणून ‘सेट-एफएसीएल’ला ‘रिस्टोर’ सांगितलं की ती जुळणाऱ्या पत्त्यांवर लागू होते. कॅपेबिलिटीची यादी मात्र वेगळी न्यावी लागते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सारखीच यंत्रं रांगेने असतात, तिथे मला हा सगळ्यात हाताशी असलेला उपाय वाटतो. एकच पथ्य: यादी नावांची असावी, क्रमांकांची नको. सेवांच्या खात्यांना प्रत्येक यंत्रावर बसवण्याच्या क्रमाने क्रमांक मिळतात. इथला डेटाबेसचा क्रमांक तिथे दुसऱ्याच सेवेचा असू शकतो.

चौथा मार्ग बॅकअपचा. झेडएफएस किंवा बीटीआरएफएसचा स्नॅपशॉट असेल तर प्रश्नच मिटतो, स्नॅपशॉटमध्ये मालकीही गोठलेली असते. टार संग्रहात प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर मालकाचं नाव आणि क्रमांक दोन्ही असतात, त्यामुळे मजकूर न आणता नुसती मालकी उचलून लावता येते. पण यूएसबीवरून उठवलेल्या यंत्रात टार उलगडताना नावं त्या यूएसबीवरच्या खात्यांशी जुळवली जातात आणि नवाच घोळ होतो. तिथे क्रमांकच वापर असं सांगावं लागतं. जुळ्या यंत्राबाबतचं पथ्य इथे नेमकं उलटतं.

बॅकअपचा एक गळका कोपरा लहान कार्यालयांत हमखास सापडतो. बॅकअपची डिस्क कायम यंत्राला जोडलेली असते. संपूर्ण यंत्रावर चाललेली कमांड त्या डिस्कवरही चालते. तिथे हार्ड लिंकने जागा वाचवणारे रोजचे बॅकअप असतील तर न बदललेल्या फाइलीच्या तीस दिवसांच्या तीस प्रतींमागे आय-नोड एकच असतो. एका फटक्यात तिसांची मालकी जाते. उलट वापरकर्त्यांची घरं जर नेटवर्कवरून फोल्डर पुरवणाऱ्या एनएफएस सर्व्हरवर असतील तर ती बहुधा वाचतात, कारण एनएफएस सर्व्हर नेहमीच्या सेटिंगमध्ये पलीकडच्या रूटला रूट मानतच नाही.

जे कुठल्याच पॅकेजचं नाही

माणसांनी तयार केलेल्या फाइलींसाठी कुठलीही वही नाही. इथे मालक कोण होता हे उरलेल्या खुणांवरून ताडावं लागतं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात विचार करायला लावणारा भाग हाच आहे.

सगळ्यात मोठी खूण गट. चुकलेल्या कमांडमध्ये नुसतं ‘रमेश’ लिहिलं असेल तर मालक बदलला, गट जुनाच राहिला. बहुतेक वितरणांत प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्याच नावाचा गट मिळतो, आणि सेवांनाही: मायएसक्यूएलच्या फाइलींचा गट मायएसक्यूएल. मग गट वाचून मालक लावणारी चार ओळींची स्क्रिप्ट मोठं काम करून जाते. पण ‘रमेश’पुढे एक अपूर्णविराम दिला असेल, तर त्याचा अर्थ ‘गटही रमेशचा नेहमीचाच कर’ असा होतो, आणि हा साक्षीदारही गेला. म्हणून अपघातानंतर शेलच्या हिस्टरीतली ती ओळ अक्षरशः, त्या एका चिन्हासकट, लिहून ठेवावी. पुढचे कितीतरी निर्णय तिच्यावर ठरतात.

दुसरी खूण जागेची आणि नावाची. ‘/होम’मधलं प्रत्येक घर ज्याच्या नावाचं त्याचं. टपालाच्या पेट्या आणि क्रॉनची वेळापत्रकं वापरकर्त्याच्याच नावाच्या फाइली असतात, त्यांना मालक लावणं सोपं. अडतं ते सामायिक फोल्डरांत. पाच शिक्षकांनी एकाच जागी ठेवलेल्या प्रश्नपत्रिकांपैकी कुठली कोणाची, हे फाइलीच्या आतलं लेखकाचं नाव किंवा त्या माणसाची आठवण यांशिवाय कळत नाही. तिथे माणसाला विचारणं हाच उपाय, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

तिसरी जागा म्हणजे वेगळ्याच कामासाठी ठेवलेल्या नोंदी. ‘/ईटीसी’ गिटमध्ये ठेवणारं ईटीसी-कीपर मालकी-परवानग्यांची स्वतंत्र फाइल बाळगतं, कारण गिट स्वतः मालकी साठवत नाही. १९९२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात तयार झालेलं ट्रिपवायर आणि त्यानंतरचं एआयडीई ही घुसखोरी ओळखायची साधनं, पण त्यांच्या वहीत प्रत्येक फाइलीचा मालक असतो. लिनक्सच्या ऑडिट सेवेला मालकी-बदलावर लक्ष ठेवायला सांगितलेलं असेल तर तिच्या नोंदीत फाइलीचा त्या क्षणीचा मालक उतरतो, म्हणजे जाणारा मालक सापडतो. ईएक्सटी-४ फाइलप्रणालीच्या जर्नलमध्ये आय-नोडांच्या जुन्या प्रती काही काळ पडून असतात आणि ‘डीबग-एफएस’ने त्या वाचता येतात. पण जर्नल लहान असतं आणि फिरून स्वतःवरच लिहीत जातं. त्याच्यावर भरवसा ठेवून कोणी बसू नये.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. एसई-लिनक्सची लेबलं परत लावणारी ‘रिस्टोर-कॉन’ ही कमांड पुष्कळदा सुचवली जाते. ती लेबलं लावते, मालकीला हात लावत नाही. आणि ‘सीएच-ओन’ने लेबलं बदललेली नसतातच.

जे अजून ठरलेलं नाही

पहिला न सुटलेला प्रश्न: दुरुस्त केलेल्या यंत्रावर विश्वास कधी ठेवायचा? आरपीएमची तपासणी स्वच्छ आली तर पॅकेजमधल्या फाइली ठीक आहेत एवढंच सिद्ध होतं. बाकीच्यांसाठी कसोटी नाही. पुन्हा बसवा म्हणणारे याच्यावरच बोट ठेवतात, आणि त्यांना समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

दुसरा प्रश्न कमांडच्याच स्वभावाचा. ग्नूची फाइली पुसणारी ‘आरएम’ मुळावर, म्हणजे नुसत्या तिरप्या रेषेवर, चालवली तर ती नकार देते. ‘सीएच-ओन’मध्येही ‘प्रिझर्व्ह-रूट’ नावाची तीच सोय आहे, पण ती मागितल्याशिवाय लागू होत नाही. ती आपोआप लागू करावी असं म्हणणाऱ्यांना उत्तर मिळतं की चेंज-रूट केलेल्या जागी आणि प्रणाली उभारणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मुळाची मालकी मुद्दाम बदलावी लागते. शिवाय ‘/यूएसआर’वर पडलेला हात या सोयीने अडत नाही. मला स्वतःला ती आपोआप असावी असं वाटतं, कारण जाणूनबुजून करणाऱ्याला एक शब्द जास्त टंकणं जड नाही. आज हातात आहेत त्या दोन सवयी: ‘फ्रॉम’ लावून ‘आधीचा मालक अमुक असेल तरच बदल’ अशी अट घालणं, आणि ‘व्ही’ लावून निघणारा ‘अमक्याकडून तमक्याकडे’ हा तपशील फाइलीत साठवणं. हा दुसरा उपाय कमांड चालवण्याआधीच आठवला तर मालकीपुरता अपघात उलटवता येतो.

तिसरा वाद प्रणालीच्या घडणीचा आहे. २०१८ मध्ये आलेलं फेडोरा सिल्व्हरब्लू, त्याआधीचं निक्स-ओएस, २०२० च्या बिग सरपासून मोहोरबंद झालेला मॅकचा प्रणाली-भाग, या सगळ्यांचा रोख एकच: प्रणालीचा भाग लिहिता येऊ नये, म्हणजे तिथली मालकी चुकून बदलणारच नाही. विरोधकांचं म्हणणं, यंत्र सांभाळायची सवय बदलावी लागते, जुनं सॉफ्टवेअर तिथे सहज बसत नाही, आणि ‘/व्हार’, ‘/होम’ यांचा प्रश्न तसाच राहतो. जिथे एकच यंत्र दहा वर्षं चालवायचं असतं तिथे हे आक्षेप वजनदार आहेत.

कंटेनरांनी यात नवी गुंतागुंत आणली आहे. कंटेनरच्या आतला क्रमांक बाहेर दुसऱ्याच खात्याचा असतो, म्हणून कंटेनर सुरू करतानाच आतल्या फाइलींवर कॅपिटल आर लावून ‘सीएच-ओन’ चालवायचा प्रघात पडला. अपघाताने घडणारी गोष्ट रोजची पद्धत झाली, आणि बाहेरचा फोल्डर चुकून आत जोडला गेला की त्याचीही मालकी जाते. त्यावर उपाय म्हणून लिनक्सच्या ५.१२ या २०२१ मधल्या कर्नेलात क्रमांक जोडणीच्या वेळीच भाषांतरित करणारे माउंट आले. डिस्कवरची मालकी न बदलता ती वेगळी दिसावी अशी ही सोय. सुरुवातीला ती ईएक्सटी-४, एक्सएफएस आणि फॅटपुरती होती, ५.१५ मध्ये बीटीआरएफएस आली आणि ५.१९ मध्ये कंटेनरांना ज्याची खरी गरज होती ती ओव्हरले-एफएस. कंटेनर चालवणारी साधनं ही सोय एकेक करून उचलत आहेत, पण जुन्या स्क्रिप्टमधली ‘सीएच-ओन’ची ओळ अजून बहुतेक ठिकाणी तशीच आहे.